महत्त्वाच्या कामाची वेळ

काम का राहिले असे विचारले, तर बहुतेक माणसे एकच उत्तर देतात : "वेळ मिळाला नाही." हे उत्तर खोटे असते असे नाही, पण ते अपुरे असते. दिवसभरात पुष्कळ कामे झालेली असतात. राहिलेले असते ते एखादेच, आणि नेमके तेच महत्त्वाचे असते.

परीक्षा जवळ आलेला एखादा विद्यार्थी पाहावा. संध्याकाळी गणित सोडवायचे, असा निश्चय करून तो बसतो. प्रथम त्याला पेन्सिलीचे टोक बोथट झालेले दिसते. ते करून होते, तो पुस्तकाचे फाटलेले वेष्टन डोळ्यांत खुपते. मग तो पुस्तके नीट रचतो, अभ्यासाचे नवे वेळापत्रक आखतो आणि त्याच्या कडा तांबड्या शाईने सजवतो. इतक्यात घरातल्या मोबाइलवर वर्गमित्राचा निरोप येतो. त्याला उत्तर देणे हे तर सभ्यपणाचेच! जेवणाची हाक येते, तेव्हा गणिताचे पुस्तक मिटलेलेच असते.

या मुलाला आळशी म्हणता येणार नाही. दोन तास तो सतत काही ना काही करीतच होता. तेवढा वेळ खेळण्यात गेला असता, तर मनाला टोचणी तरी लागली असती. या कामांनी तीही लागू दिली नाही. म्हणून खेळापेक्षा फुटकळ कामांचा मोह अधिक फसवा मानला पाहिजे. सोपे काम चटकन पुरे होते व समाधान देते. अवघड उदाहरण मात्र आरंभी नुसते छळते, आणि मन साहजिकच सोप्याकडे धावते. वास्तविक बोथट पेन्सिलीनेही उदाहरण सुटते.

ज्यांच्या हातून मोठी कामे होतात, त्यांना मोकळा वेळ भरपूर मिळत असावा, अशीही एक समजूत आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे ती टिकत नाही. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. 'व्यवहारमयूख' हा जुना संस्कृत ग्रंथ संपादित करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, असे त्यांच्या मनात आले. विषय वाढत गेला आणि प्रस्तावनेच्या जागी स्वतंत्र ग्रंथच लिहावा लागला. इंग्रजीत लिहिलेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. सर्व मिळून पृष्ठे भरली सुमारे ६,५०० ! मधल्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेचे सदस्य होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

त्यांनी इतर कामे टाकून दिली नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संसारासाठी वकिली हवीच होती. पण वकिली संपेल, सारी कामे आटोपतील, मग निवांतपणे ग्रंथास हात घालू, अशी वाट त्यांनी पाहिली असती, तर पाच खंडांपैकी किती निघाले असते? किरकोळ कामे कधी आटोपत नाहीत. दहा संपली की नवी दहा उभी राहतात. त्यांच्यातून उरलेला वेळ महत्त्वाच्या कामाला देऊ म्हटले, तर उरत काहीच नाही. त्याचा वाटा आधी काढून ठेवावा लागतो, मग तो रोज अर्ध्या तासाचा का असेना.

मात्र वाटेत येणारे प्रत्येक काम फुटकळच असते, असेही समजू नये. गणित ऐन रंगात आले असताना आजीला धाप लागली आणि औषध आणण्यासाठी उठावे लागले, तर तो अभ्यासातील व्यत्यय नव्हे. गणित अर्धा तास थांबू शकते. धाप थांबत नाही.