न फवारलेले चार तास

कापूस-ज्वारीच्या भावाच्या पत्रकात विषाणू, औषधे आणि लसी यांचे काय काम, असा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारणारच. उत्तर सोपे आहे. एप्रिल-मे 2021 मध्ये आपल्या गावांतून जो पैसा दवाखान्यांत गेला, तो कापसाचाच होता. कोणी बैलजोडी विकली, कोणी दोन एकर गहाण टाकले, कोणी पेरणीसाठी राखलेली रक्कम मोडली. घरचे माणूस वाचवण्यासाठी खर्च केला, याचे दुःख कोणालाच नाही. दुःख वेगळे आहे. त्यातला काही पैसा अशा उपायावर गेला, ज्याने गुण येत नाही हे सहा महिने आधीच सिद्ध झाले होते.

प्लाझ्मा आठवून पाहा. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव काढायचा आणि आजारी माणसाला द्यायचा. कल्पना कोणालाही पटावी अशी. त्या दिवसांत एका कार्यकर्त्याच्या भावासाठी मीही रात्रभर फोन करीत बसलो होतो. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एप्रिल ते जुलै 2020 या काळात 39 रुग्णालयांत याची परीक्षा घेतली होती. 464 रुग्ण. चिठ्ठी टाकून 235 जणांना प्लाझ्मा दिला, 229 जणांना दिला नाही. बाकीचे उपचार दोघांनाही सारखे. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 34 दगावले, न मिळालेल्यांपैकी 31. म्हणजे फरक काही नाही. हा निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आला. सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघाला तो मे 2021 मध्ये. मधले सात महिने आपण फोन करीत राहिलो.

आता दुसरी बाजू. डेक्सामेथासोन हे जुने, काही रुपयांत मिळणारे औषध. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या देखरेखीखाली त्याची परीक्षा झाली. तिथेही चिठ्ठीच. 2104 रुग्णांना औषध, 4321 जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत औषधाविना शंभरातले 41 दगावले, औषध मिळालेल्यांत 29. ज्या औषधाच्या मागे कोणी जाहिरातवाला नव्हता, त्याने माणसे वाचवली. त्याच परीक्षेने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही. उलट औषध मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे जास्तच होते. तरीही आपल्याकडे साध्या तापालासुद्धा स्टिरॉइडच्या गोळ्या सर्रास वाटल्या गेल्या.

एका उपायाचे सोने झाले, दुसऱ्याचे पितळ उघडे पडले, ते कशामुळे? मोठ्या डॉक्टरच्या मतामुळे नव्हे, यंत्रामुळेही नव्हे. तुलनेच्या पट्ट्यामुळे.

हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. बोंडअळीच्या दिवसांत कंपनीचा माणूस बांधावर येतो. पूर्ण वावर फवारतो. आठ दिवसांनी बोट दाखवून सांगतो, बघा, अळी गेली. अळी फवाऱ्याने गेली, की आभाळ निवळले म्हणून गेली, की तिची वेळ झाली म्हणून कोषात गेली? हे कळायचे तर शेजारचे चार तास न फवारता ठेवावे लागतात. आणि ते कोणते, हे कंपनीच्या माणसाने ठरवायचे नसते. तो बांधालगतचे, पाणी साचणारे, मुळातच पिवळे पडलेले तास सोडील आणि काळ्या कसदार पट्टीत फवारील. म्हणून चिठ्ठी टाकायची.

कृषी महाविद्यालयात आम्ही हे सारे परीक्षेपुरते घोकले. पण ही युक्ती दवाखान्यातून शेतात आलेली नाही. शेतातून दवाखान्यात गेलेली आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रावर 1919 साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिती आला. खताच्या वाफ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळता चाळता त्याने ही चिठ्ठीची पद्धत शास्त्रशुद्ध करून मांडली. पुढे 1948 साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा तशाच चिठ्ठीने झालेली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 दगावले, न मिळालेल्या 52 पैकी 14. माणसांच्या औषधाची पारख जगाने वावरात शिकली. ती पारख आपणच विसरायची, हे बरे नव्हे.

नव्या विषाणूच्या साथीत तर या पट्ट्यावाचून चालतच नाही. कोरोनाचे बहुसंख्य रुग्ण विशेष औषधाविनाही बरे होत होते. मग जो बरा झाला, त्याच्या घरच्यांना शेवटी दिलेले इंजेक्शन देवासारखे वाटणार. त्यांची चूक नाही. न फवारलेले तास त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

यावर बैठकीत आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांच्या चिठ्ठीत औषध निघाले नाही, त्यांच्यावर अन्याय नाही का? आमची माणसे काय प्रयोगाचे उंदीर आहेत? याचे उत्तर आफ्रिकेतल्या गिनी या गरीब देशात सापडते. तिथे डिसेंबर 2013 मध्ये इबोलाची साथ सुरू झाली आणि शेजारच्या लायबेरिया, सिएरा लिओनसह 11 हजारांवर माणसे गेली. 2015 साली तिथे लसीची परीक्षा झाली ती अशी. एक रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातली माणसे आणि त्या माणसांच्या संपर्कातली माणसे, असे एक कडे करायचे. मग त्या कड्याच्या नावाने चिठ्ठी: लगेच लस, की 21 दिवसांनी. लस कोणालाच नाकारली नाही, फक्त वेळेत अंतर ठेवले. लगेच लस दिलेल्यांत दहा दिवसांनंतर एकही रुग्ण निघाला नाही. थांबलेल्या कड्यांत 16 निघाले. हे दिसताच जुलै 2015 अखेर चिठ्ठी बंद झाली आणि पुढच्या सगळ्या कड्यांना लगेच लस मिळाली. निकाल लागेपर्यंत कोणत्या चिठ्ठीत सुख आहे हे कोणालाच ठाऊक नसते. निकाल लागल्यावर मात्र एक दिवसही चिठ्ठी चालू ठेवणे पाप आहे. न्याय या दोन वाक्यांत आहे.

पण या गोष्टीला आणखी एक पदर आहे. ही लस माकडांना वाचवते, हे 2005 सालीच प्रसिद्ध झाले होते. माणसांवर परीक्षा सुरू व्हायला 2014 उजाडले. नऊ वर्षे लस फडताळात पडून राहिली, कारण इबोलाने मरणाऱ्याच्या खिशात पैसा नव्हता. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला भाव नाही. हा नियम आपण कापसात भोगतो, गिनीच्या शेतकऱ्याने तो जिवाने भोगला.

आणि गिनी दूर आहे असे समजू नका. ती लस ज्या विषाणूच्या अंगावर बेतली, तो जनावरांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू आहे. त्याचा सख्खा चुलतभाऊ आपल्या विदर्भात 1965 साली सापडला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याला चांदीपुरा हेच नाव दिले. वाळूमाशी तो पसरवते. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत ती राहते. लहान मुलाला जोराचा ताप येतो, झटके येतात, शुद्ध हरपते आणि एक-दोन दिवसांत घर रिकामे होते. 2003 साली आंध्रात मेंदूज्वराने आजारी पडलेल्या 329 मुलांपैकी 183 गेली. तपासणीत हा विषाणू सापडला. 2007 साली नागपूर विभागात ही साथ आली. 2024 च्या पावसाळ्यात, मुख्यतः गुजरातमध्ये, मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले, 82 दगावले. त्यांतल्या 64 रुग्णांत चांदीपुरा पक्का ठरला. विषाणू सापडल्याला साठ वर्षे झाली. त्यावर मान्यता मिळालेले औषध नाही, लस नाही. कुडामातीच्या घरातले पोर हे कोणाचेच गिऱ्हाईक नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीत भावाच्या ठरावांबरोबर आणखी एक ठराव घ्यावा, अशी सूचना आहे. चांदीपुऱ्याच्या लसीवर आणि औषधावर सरकारने आपला पैसा घालावा. परीक्षेचा आराखडा साथ येण्याआधी तयार ठेवावा. साथ दोन महिन्यांत ओसरते आणि आराखडा कागदावर यायलाच तेवढा वेळ लागतो. संमतीपत्र मराठीत असावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे. परीक्षेत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा 2019 च्या नियमांनी दिलेला हक्क आहे. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहावा. आणि निकाल, चांगला असो की वाईट, महिन्याच्या आत ग्रामपंचायतीत पोचावा. प्लाझ्माचा निकाल जसा सात महिने वाटेत अडकला, तसे पुन्हा होता कामा नये.

आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. रुग्ण खाटेवर असताना डॉक्टरशी वाद घालू नका. झटके थांबवणे, सलाईन, ऑक्सिजन यांनी जीव वाचतात. मूल तापाने फणफणले आणि झटके आले तर देवऋषीकडे नव्हे, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. पण कोणी नव्या महागड्या इंजेक्शनची चिठ्ठी हातात ठेवली आणि त्यासाठी जमिनीचा कागद काढायची वेळ आली, तर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा: याचे न फवारलेले तास कुठे आहेत? बियाण्याच्या पिशवीबाबत हा प्रश्न विचारायला आपल्याला वीस वर्षे लागली. पोराबाळांच्या बाबतीत तेवढा वेळ आपल्यापाशी नाही.