एक्सेलमध्ये नसलेला कॉलम

मागच्या शनिवारी सोसायटीच्या खाली, नेहमीच्या टपरीवर, नेहमीचाच विषय निघाला. कॉलेजला जाण्यात काही अर्थ आहे का? आम्ही चौघं. चौघंही इंजिनिअर, चौघांच्याही होमलोनचे हप्ते त्याच डिग्रीमुळे मिळालेल्या पगारातून जातात, आणि चौघांचंही एकमत झालं की कॉलेज म्हणजे निव्वळ टाइमपास! एकाने तर मोबाइलवर एक्सेलच उघडलं. एका बाजूला चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस आणि तेवढ्या काळात न कमावलेला पगार. दुसऱ्या बाजूला यूट्यूब, फुकट. त्यात एआय आता कोड लिहायला लागलंय, टीसीएसने 2025 मध्ये बारा हजारांवर लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, आणि फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलेलं. मग? संपला विषय.

मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू.

रविवारी सेलूजवळच्या आमच्या गावाहून फोन आला. चुलतबहिणीची मुलगी बारावी सायन्स झाली, मार्क बरे आहेत. दाजी म्हणाले, "दादा, तुमीच म्हणलात ना, आजकाल डिग्रीला कोण विचारतं? मग कशाला पैसे घालायचे? घरी बसून मोबाइलवर शिकंल की." गेल्या दिवाळीत त्यांच्याच ओसरीवर बसून, त्यांचाच चिवडा खात मी हे वाक्य टाकलं होतं. दाजींनी ते जपून ठेवलं आणि व्याजासकट परत केलं.

मग भाचीने फोन घेतला. हळू आवाजात म्हणाली, "मामा, कॉलेज नसलं की पाव्हणे येतेत बघायला."

एवढंच. आमच्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता हो!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आधी झालेलं निघालं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास. माझी भाची त्या 48 मध्ये नाही, तिला अठरा पूर्ण झालीत. म्हणजे उलट पंचाईत. आता तिच्या बाजूने कायदाही बोलणार नाही. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा फुकट पास मिळतो, तोही बारावीपर्यंतच. बारावी संपली की सगळी दारं एकदमच बंद व्हायला लागतात, आणि "पोरगी शिकायलीय" हे एकच उत्तर असं आहे की ज्याने कुणाचा मानपान दुखावत नाही. मध्यस्थी करणारा मामाही गप चहा पिऊन जातो. त्याला "पोरगी यूट्यूबवर पायथन करायलीय" असं सांगून बघा, पुढच्या रविवारी तो मुलगा घेऊनच येईल :)

कॉलेजात जाऊनही दुसऱ्या वर्षाला लग्न लागलेल्या मुली मला माहीत आहेत. ढाल तकलादू आहे, मान्य. पण दुसरी आहे कुठे?

"डिग्री नको" सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो (त्यात मीही आलोच) तो यासाठी. हे सांगणारे बहुतेक सगळे डिग्री खिशात घालून बसलेत. झोहोचे श्रीधर वेम्बू बघा. स्वतः आयआयटी मद्रास, मग प्रिन्स्टनची पीएचडी. पण त्यांना निदान मानलं पाहिजे, कारण त्यांनी नुसतं भाषण नाही दिलं. 2005 च्या आसपास कंपनीची स्वतःची शाळा काढली, बारावी झालेली पोरं घेतली, फी नाही, वर स्टायपेंड, आणि पुढे नोकरी. परभणीत असं कुणी काढलंय का? आमच्या चौघांपैकी कुणी काढणार आहे का? मग तोंड वर करून कशाला बोलायचं!

बरं, कॉलेजात शिकवतात काय, यावर मी काही भांडणार नाही. मी ज्या कॉलेजातून पास झालो तिथल्या लॅबमधले निम्मे मॉनिटर उघडझाप करायचे, आणि सर सी लँग्वेज फळ्यावर डिक्टेशनने शिकवायचे. खरं शिकलो ते रूमवर, सीनियर पोरांकडून. पण ते सीनियर मला भेटले कुठे? पहिल्या इंटरव्ह्यूचा निरोप कुणी दिला? पुण्याच्या पोराचा काका कंपनीत असतो. सेलूच्या पोराला कॉलेज हाच काका. आणि एमपीएससी असो की बँकेचा पीओ, फॉर्मवर पदवीचा रकाना आहे म्हणजे आहे. तिथे गिटहबची लिंक चालत नाही.

पोरगा असता तर कदाचित मी वेगळं बोललो असतो. आयटीआय करून चाकणला गेलेले गावातले दोघंतिघं बरं कमावतात. पोरीला चाकणला एकटं कोण पाठवतंय?

एक मात्र दाजींना स्पष्ट सांगितलं. कुणाच्या तरी जाहिरातीला भुलून एकरभर विकायचं काम नाही. 2024 च्या जुलैपासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच घ्यायचा. राहायचा-जेवायचा खर्च मी बघतो. आणि नाहीच लागला नंबर, तर सेलूचं नूतन महाविद्यालय आहे, नांदेडच्या विद्यापीठाची बीएस्सी आहे. विप्रोसारख्या कंपन्या बीएस्सीवालीला घेऊन नोकरीसोबत एमटेक करवतात. आजोबांच्या पिढीला कॉलेजसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, उस्मानियाला, तेही उर्दूतून. हे तर घराजवळ आहे.

दाजी म्हणाले, "बघू."

सेलूकडच्या माणसाला "बघू"चा अर्थ सांगायला नको. पण मागून ताईचा आवाज आला, "बघू काय बघू? मी भरते फॉर्म." म्हणजे घरात आता दोन मतं झालीत, आधी एकच होतं.

उद्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोघी मायलेकी तहसीलला जाणार आहेत. आणि मला दिवाळीला जाऊन त्याच ओसरीवर माझे शब्द मागे घ्यायचे आहेत.