विश्लेषण : पिस्तुलाचा परवाना मिळतो, निगा कोण राखणार?

जून सुरू झाला की मावळात लोखंडाला गंज धरायला वेळ लागत नाही. तळेगावजवळच्या घोरावाडीत विळी, कडी-कोयंडा, सायकलची साखळी यांची जी गत होते, तीच कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या .२२ टार्गेट पिस्तुलाचीही होऊ शकते. हे पिस्तूल कोणी बाळगावे, याचे नियम आपल्याकडे तपशीलवार आहेत आणि ते तसे असायलाच हवेत. मात्र ते चालते कसे राहील, याचा विचार जवळपास पूर्णपणे खेळाडूवर आणि त्याच्या पालकांवर सोडलेला आहे.

‘रिमफायर’ म्हणजे काय?

नेहमीच्या मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारे रसायन बुडाच्या मध्यभागी असते. .२२ काडतुसात ते बुडाच्या कडेत, म्हणजे ‘रिम’मध्ये भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. नळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, झटका कमी आणि काडतूस तुलनेने स्वस्त. म्हणून सरावासाठी ते सोयीचे. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा याच काडतुसावर होते. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० अचूकतेच्या, त्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या ३० वेगाच्या, त्यात प्रत्येक गोळीला जेमतेम तीन सेकंद. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

पिस्तूल कोणाला बाळगता येते?

बहुतेक मुलांची सुरुवात ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाने होते. .२२ मात्र अग्निशस्त्र आहे. त्याला शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू होतात. त्यात पोलिस पडताळणी आली आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही आले. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. खेळाडूंची अडचण होऊ नये म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम सैल केले. नामवंत नेमबाजांची सवलतीतील कमाल मर्यादा सातवरून १२ शस्त्रांवर गेली. उदयोन्मुख नेमबाजाला एकाऐवजी दोन शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली. सरावासाठी वर्षभरात घेता येणाऱ्या काडतुसांची संख्याही वाढवण्यात आली.

मावळात अर्ज कुठे करायचा?

येथे गाव पाहून दार बदलते. घोरावाडी-तळेगाव परिसर २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात येतो, त्यामुळे परवान्याचा अधिकार पोलिस आयुक्तांकडे. लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, तिथे हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. एकाच लोकलने बालेवाडीच्या रेंजच्या दिशेने निघणाऱ्या दोन मुलींचे अर्ज असे दोन वेगवेगळ्या कार्यालयांत फिरतात.

निगा म्हणजे नेमके काय?

सर्वात आधी मॅगझिन काढायचे, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करायची आणि मगच पुढचे काम. .२२ ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखे वंगण असते. प्रत्येक सरावानंतर बारूदीची काजळी, शिसे आणि हे वंगण यांचा थर चेंबरभोवती व मॅगझिनमध्ये साचतो. तो पुसला नाही तर पुढचे काडतूस नीट बसत नाही किंवा रिकामे पुंगळे बाहेर पडत नाही. नळी साफ करताना सळई शक्यतो चेंबरच्या बाजूने घालावी. गोळी जिथून बाहेर पडते ती कड घासली गेली तर नेम बिघडतो. तेल अगदी थेंबभर पुरते; जास्त झाले की त्याला काजळी चिकटते.

घरी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून सराव करायचा असेल, तर त्यासाठीची खास सोय किंवा बनावट काडतूस वापरावे. नाहीतर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. पावसाळ्यात फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो. कोरडे कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्याला एक नजर, एवढे तरी हवेच. लाकडी मूठही दमटपणाने फुगते आणि हाताची पकड बदलते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत; शिसे पोटात जाणे धोक्याचे.

बिघडले तर?

खरी अडचण येथे आहे. स्पर्धेची बहुतेक पिस्तुले जर्मनी, इटली, स्वित्झर्लंडमधून येतात. स्प्रिंग तुटली तर ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. लेथवाल्याकडेही जाता येत नाही, कारण कायद्याने अग्निशस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. हा नियम योग्यच आहे, पण परवानाधारक कारागीर जवळ नसेल तर त्याचा भार खेळाडूवर पडतो. शस्त्र बिघडल्याची किंमत मोठी असते. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे एअर पिस्तूल बिघडले, वेळ वाया गेला आणि अंतिम फेरी हुकली. सोबत प्रशिक्षक आणि यंत्रणा असताना ही वेळ आली, तर जिल्हा पातळीवरच्या मुलीने काय करायचे?

मग करायचे काय?

परवाना सहज मिळावा, अशी मागणी येथे नाही. शस्त्रावरची पकड घट्टच हवी. मात्र परवाना देताना हाताळणीचे प्रशिक्षण मागणारी यंत्रणा त्याच प्रशिक्षणात देखभालीचे दोन तास घालू शकते. जिल्ह्यातल्या मोठ्या रेंजवर महिन्यातून ठरावीक दिवशी परवानाधारक आर्मरर बसवता येईल आणि नेहमी लागणाऱ्या स्प्रिंगा, पिना यांचा साठा संघटनेकडे ठेवता येईल. पालकांचा दुरुस्तीसाठीचा प्रवास वाचेल. पोलिसांचाही त्यात फायदा आहे. नियमित तपासणीला येणारे शस्त्र नजरेसमोर राहते; कपाटात गंजत पडलेले शस्त्र कोणाच्याच नजरेत नसते. वेळेवर न उडणारी किंवा नको तेव्हा उडणारी गोळी रेंजवरच्या प्रत्येकासाठी धोका असते. म्हणून पिस्तुलाची निगा हा खेळाडूचा खासगी प्रश्न मानून चालणार नाही. परवान्यावर सही होते, त्या दिवसापासून तो सुरक्षेचाही प्रश्न असतो.