तार तुटली म्हणून बॅटरी टाकू नका

जत्रेतून किंवा तालुक्याच्या दुकानातून आणलेली रिमोटची मोटार चार-दोन महिने अंगणात धावते आणि एक दिवस जागची हलत नाही. पोर हिरमुसते. घरातले म्हणतात, "बॅटरी गेली." मग मोटार माळ्यावर जाते आणि बॅटरी उकिरड्यावर. यांतल्या कितीतरी बॅटऱ्या गेलेल्या नसतात. गेलेली असते ती वीतभर लांबीची तार. ती जोडायला तासभर पुरतो आणि खर्चही फार येत नाही. पण त्या तासात एखादी गोष्ट भलतीच झाली तर घराला आग लागू शकते. म्हणून आज जरा सावकाश बोलू.

तार तुटते बहुधा प्लगच्या तोंडाशी. चार्जिंग झाले की मुले प्लग धरून काढत नाहीत, तारच ओढतात. आतले तांब्याचे केसासारखे तंतू एकेक करून तुटत जातात. वरचे आवरण मात्र साबूत राहते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. कधी कप्प्याचे झाकण घाईने दाबल्यामुळे तार चिमटते. आणि धान्याच्या खोलीत खेळणे ठेवले असेल तर उंदरांचे नाव घ्यायलाच नको.

खूण अशी की तार हलवली की मोटार चालते, सोडली की थांबते. दुसरी खूण म्हणजे चार्जरला लावल्या लावल्या दिवा 'चार्जिंग पूर्ण' दाखवतो. वीज आत जातच नाही, म्हणून पुष्कळदा असे होते. घरातला पेचकसासारखा टेस्टर मात्र इथे उपयोगाचा नाही. त्यातला निऑनचा दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या वर दाब लागतो आणि खेळण्याच्या बॅटरीत असतात चार ते आठ व्होल्ट. टेस्टर पेटला नाही म्हणजे बॅटरी मेली असे समजू नये. त्यासाठी मल्टिमीटर हवा. तो डी.सी.च्या २० व्होल्टवर ठेवून प्लगच्या दोन टोकांना लावावा आणि तार हळूहळू वाकवून पाहावी. आकडा येतो-जातो आहे असे दिसले, की दुखणे तारेतच आहे.

तरी लगेच पक्कड हातात घेऊ नका. आधी बॅटरी कोणत्या जातीची ते पाहा, कारण सगळी काळजी त्यावर ठरते. वेष्टनावर व्होल्ट लिहिलेले असतात. निकेलच्या जातीचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो, म्हणून चार सेलची जुडी ४.८ व्होल्टची आणि सहांची ७.२ व्होल्टची. लिथियमचा एक सेल ३.७ व्होल्टचा आणि दोन मिळून ७.४. म्हणजे ७.२ आणि ७.४ या आकड्यांत फरक एवढासा, पण जाती अगदी वेगळ्या. निकेलच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणे म्हणजे आपल्या हाताने आग लावणे होय.

लिथियमची बॅटरी फुगलेली असेल, दबलेली असेल, तिला गोडसर, औषधासारखा वास येत असेल, तर तार कितीही चांगली जोडता येण्यासारखी असली तरी जोडू नका. तीन-चारशे रुपयांसाठी ती राखण्यात अर्थ नाही. तिच्या एकेका सेलचा दाब अडीच व्होल्टच्या खाली गेलेला आढळला तरीही तिचा नाद सोडावा. "दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन जिवंत करतो" असे सांगणारे हुशार लोक गावोगाव भेटतात. त्यांना हे खेळ आपल्या घरी करू देऊ नका.

निकेलच्या बॅटरीचे दुखणे वेगळे असते. जुनी झाली की तिच्या टोकांशी पांढरी भुकटी येते. आतला क्षार पाझरतो, तारेच्या आवरणाखाली शिरतो आणि तांबे काळे पडते. अशा काळ्या तांब्याला डाख कधीच धरत नाही, कितीही तापवा. लिंबाच्या रसात बुडवलेल्या फडक्याने भुकटी पुसावी, कोरडे करावे आणि काळी तार मागे मागे कापत जावी. लखलखीत तांबे दिसेल तिथून कामाला सुरुवात. काळेपणा थेट सेलपर्यंत गेला असेल तर घरी पुढे जाण्यात हशील नाही.

आता जोडणीकडे वळू. पंचवीस वॉटचा सोल्डरिंगचा खिळा, मधोमध राळ भरलेली शिसे-कथलाची बारीक तार, तापवले की आवळणारी नळी आणि तारेसकट मिळणारा नवा प्लग, एवढे सामान पुरे. हे सारे रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. कल्हईवाल्याकडचा नवसागर घरात असेल तर तो मुळीच वापरू नका. भांड्याला तो उत्तम, पण बारीक तारेत राहिला की थोड्याच दिवसांत तांबे खाऊन टाकतो. राळेने तसे होत नाही.

नवा प्लग आणला की जुन्याशेजारी ठेवून नीट पाहा. खाच एकाच बाजूला धरा आणि लाल तार कुठल्या भोकात आहे ते ताडून घ्या. नव्या प्लगचे रंग जुन्याशी जुळतीलच असे नाही. लाल-काळे उलटे झाले तर मोटारीतली पाटी क्षणात जळते. रंगावर न जाता भोकावर जावे, आणि बॅटरीचे धन टोक कोणते ते मीटरने ठरवावे.

आणि एका वेळी एकच तार. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. कात्रीचे पाते लोखंडाचे असते. दोन्ही तारा एकदम कापायला गेलात तर ते पातेच दोन्ही तारांना जोडते, ठिणगी उडते आणि बॅटरीची सारी ताकद त्या दोन बोटांच्या जागेत ओतली जाते. तार लाल होऊन हात भाजतो. लिथियम असेल तर गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. म्हणून आधी फक्त लाल तार कापावी आणि तिचे काम पुरे करून झाकावे. मगच काळीला हात लावावा. शिवाय लाल तार आखूड कापली तर काळी बोटभर लांब ठेवावी, म्हणजे दोन सांधे शेजारी-शेजारी येत नाहीत. आवरण घासून फाटले तरी मग ते एकमेकांना टेकत नाहीत.

सांधण्याआधी नळीचा तुकडा तारेत ओवून दूर सरकवा. सांधा होऊन गेल्यावर नळी घालता येत नाही, आणि हे आठवते नेमके तेव्हाच. मग दोन्ही टोके अर्धा इंच सोलावीत, तंतू पिळावेत आणि प्रत्येक टोकाला वेगळी कल्हई करावी. खिळ्याने तारेला ताप द्यावा आणि कथील तारेवर वितळू द्यावे, खिळ्यावर नव्हे. दोन्ही टोके शेजारी ठेवून पुन्हा क्षणभर ताप दिला की सांधा एकजीव होतो. तो चकचकीत दिसला तर पक्का. मळकट, गोळी झालेला दिसला तर पुन्हा तापवा. मध्येच लाईट गेली तर अर्धवट थंड झालेल्या खिळ्याने ओढाताण करू नये, थांबावे. नळी सांध्यावर आणून उदबत्तीच्या नव्हे, काडेपेटीच्या ज्योतीपासून जरा दूर धरावी. ती आपोआप आवळते. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली तार दोन दिवस चालते. मग सैल पडते आणि गरम होऊ लागते.

हे सारे तारेच्या मध्यावर करायचे. माझे स्पष्ट मत आहे की लिथियमच्या सेलला घरी थेट ताप देऊ नये. तार सेलपाशीच उपटली असेल, किंवा ७.४ च्या बॅटरीची तीन बारीक तारांची पांढऱ्या प्लगची जुडी तुटली असेल, तर ती जाणत्या कारागिराकडे द्यावी. कथलात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि हे काम चुलीजवळ, भाकरीच्या परातीशेजारी करू नये. मुलांना, आणि मुलींनाही, शेजारी बसवून दाखवा; फक्त धूर त्यांच्या नाकात जाणार नाही असे बसवा.

मोटारीला लावण्याआधी मीटरने दाब आणि धन-ऋण पुन्हा पाहावे. पहिले चार्जिंग दिवसा करावे, कोणीतरी जागेवर असताना. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, जवळपास काही पेटण्यासारखे नसताना. कापसाच्या हंगामात हे विशेष सांगतो. वेचणीचा कापूस पुष्कळांच्या घरात खोलीभर रचलेला असतो आणि चार्जिंगचा प्लग नेमका त्याच खोलीत. त्या खोलीत किंवा कडब्याच्या आडोशाला, रात्री उशाशी, कोणतीही बॅटरी चार्ज करू नका. सांधा किंवा बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापली तर भिंतीवरचे बटण बंद करा. धूर निघू लागला तर तो विषारी असतो. आधी माणसे बाहेर काढा.

निकामी बॅटरी उकिरड्यात टाकू नये, जाळूही नये. उकिरड्यातले खत शेतातच जाते. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली आहे. तालुक्याला जाल तेव्हा दुकानदाराला विचारा. तोवर दोन्ही तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून बॅटरी मातीच्या भांड्यात, वाळूत ठेवावी.

फवारणीच्या बॅटरी पंपाची तारही पट्ट्याशी वाकून अशीच तुटते आणि ती जोडण्याची रीत हीच. फक्त तिथली १२ व्होल्टची बॅटरी खेळण्याच्या कितीतरी पट ताकदीची असते, तेव्हा तार कापण्याआधी बॅटरीची एक क्लिप काढून ठेवा आणि पंप औषधाच्या वासाचा राहिला नाही इतका धुऊनच कामाला बसा.