आज्ञावलीची पहिली भाषा आणि मराठीचे दायित्व

संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकणे ही बाब आपल्या महाविद्यालयांत गणित व विज्ञान या विभागांच्या कक्षेतील मानली जाते. भाषाविभागांचा तिच्याशी संबंध आलाच, तर तो परिभाषेपुरता येतो. एखाद्या इंग्रजी संज्ञेला मराठी पर्याय सुचविला की दायित्व संपले, अशी समजूत असते. ही वाटणी तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पहिली आज्ञावली लिहिताना नवशिक्या विद्यार्थ्याची जी अडचण होते ती पुष्कळ अंशी आकडेमोडीची नसून अर्थाची असते. आणि अर्थव्यवहार हे तर भाषेच्या अध्यापकाचे क्षेत्र आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या परिसरात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा भाषा घराघरांतून बोलल्या जातात. भामरागड वा एटापल्लीकडील माडियाभाषी विद्यार्थ्याला शाळेत मराठी आत्मसात करावी लागते, महाविद्यालयात इंग्रजी संज्ञांना सामोरे जावे लागते आणि संगणकापुढे बसताच त्यांच्या जोडीला आज्ञावलीची भाषा येते. पडद्यावर उमटणारा दोषसंदेशही इंग्रजीतच असतो. अशा वेळी चूक कोणत्या पायरीवर झाली हे न उमगल्याने ‘हा विषय आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढून मोकळा होतो. वस्तुतः त्याची विचारशक्ती कोठेच उणी पडलेली नसते.

मग उणे काय पडते? साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर संगणकाला केवळ अभिधा कळते. लक्षणा आणि व्यंजना यांचा त्याला गंधही नसतो. माणसामाणसांतील संभाषणात ऐकणारा अध्याहृत भाग स्वतः भरून घेतो, वक्त्याचा हेतू जाणतो. नवशिका संगणकाकडूनही हीच अपेक्षा ठेवतो. रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांचा विचार करताना या अपेक्षेलाच सर्व चुकांच्या मुळाशी असलेली महाचूक मानले: यंत्राच्या आत आपला हेतू ओळखणारे एक मन दडले आहे, असे शिकणारा नकळत गृहीत धरतो. ही चूक कोणत्याही एका आज्ञाभाषेची नाही. ती माणसाच्या भाषिक सवयीतून येते.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. ‘अहेरी आणि सिरोंचा तालुक्यांतील विद्यार्थी निवडा’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘ज्याचा तालुका अहेरी आहे आणि सिरोंचा आहे’ अशी अट आज्ञावलीत घातली, तर एकही विद्यार्थी निवडला जाणार नाही. कारण एकाच विद्यार्थ्याच्या नावापुढे दोन तालुके असू शकत नाहीत. तेथे ‘किंवा’ हवा. मराठीतील ‘आणि’ येथे दोन गटांची बेरीज करतो, यंत्रातील ‘आणि’ दोन अटी एकाच वेळी लावतो.

दुसरे उदाहरण तेंदूपानांच्या हंगामातील घेता येईल. ‘जोपर्यंत शंभर पुडकी होत नाहीत तोपर्यंत मोजणी चालू ठेवा’ ही सूचना फळीवरील कोणालाही समजेल. तिची रचना पायथन भाषेतील ‘व्हाइल’ या आज्ञेशी जुळणारी आहे. परंतु प्रत्येक जण तीस-तीस पुडकी आणत असेल, तर बेरीज नव्वदवरून एकदम एकशेवीसवर जाते. ‘शंभर होत नाहीत’ याचा अर्थ यंत्राने ‘शंभराशी समान नाही’ असा शब्दशः घेतला, तर मोजणी कधीच थांबणार नाही. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ‘शंभरापेक्षा कमी’ हाच अर्थ होता. ‘चल’ या संज्ञेचेही असेच आहे. बीजगणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे विधान असत्य ठरते. आज्ञावलीत ते विधान नसून आज्ञा असते: क्षच्या जागी आता त्याहून एकाने मोठी संख्या ठेवावी. चिन्ह तेच, परंतु विध्यर्थ वेगळा. हा भेद व्याकरणाच्या अध्यापकाइतका स्पष्टपणे कोण समजावून देईल?

यावर एक उपाय असा सुचविला जातो की आज्ञाभाषेतील शब्दच मराठी करावेत. हा उपाय आकर्षक असला तरी तो रोगाच्या मुळाशी जात नाही. पायथनमध्ये राखीव शब्द जेमतेम पस्तीसच्या आसपास आहेत. तेवढे इंग्रजी शब्द कोणीही पाठ करील. शिवाय चलांना देवनागरी नावे देण्याची मुभा त्या भाषेत आहेच. ‘आणि’चा घोटाळा मात्र शब्द मराठी केल्याने सुटत नाही, उलट दृढ होण्याचा संभव आहे. दुसऱ्या टोकाचा पक्ष म्हणतो की पुढे सारा व्यवहार इंग्रजीतच करावयाचा असल्याने आरंभापासून तीच असावी. हा पक्ष आज्ञा आणि आज्ञेचे विवरण यांत गल्लत करतो. आज्ञा इंग्रजीत राहिल्याने बिघडत नाही; तिचा अर्थ लावण्याची, चूक शोधण्याची, शेजाऱ्याशी वाद घालण्याची भाषा मात्र शिकणाऱ्याची स्वतःची असली पाहिजे.

अशा विवरणाची परंपरा मराठीला परकी नाही. केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध मांडणी आढळते. आज्ञेचा नियम, परिचित जीवनातील उदाहरण आणि त्याचा प्रस्तुत विषयाशी लावलेला मेळ, हा क्रम आज्ञावलीच्या पाठालाही तितकाच साजेसा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे गावात वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासगटांची चर्चा होती. कायद्यासारखा दुर्बोध विषय आपल्या भाषेत, एकत्र बसून उकलता येतो हे त्या गावाने दाखविले. संगणकाच्या बाबतीत तसे होणार नाही असे मानण्यास काही आधार नाही.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच गणिती वृत्तीच्या जोडीला मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व ही कुशल आज्ञावलीकाराची सर्वांत मोलाची ठेव मानली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावलीलेखन सहाव्या इयत्तेपासून आणण्याचे सुचविले असल्याने या मताचे महत्त्व वाढले आहे. मराठी विभागांनी निदान दोन कामे हाती घ्यावीत: नेहमीच्या दोषसंदेशांचे सुबोध मराठी विवरण, आणि मराठी व आज्ञावली यांतील अर्थभेदांची उदाहरणांसह मांडणी. माडिया व गोंडी बोलणारे विद्यार्थी या कामात केवळ लाभार्थी असू नयेत. त्यांच्या भाषांत ‘आणि’, ‘जर’, ‘जोपर्यंत’ कसे व्यक्त होतात, हे तेच सांगू शकतील. हे काम झाले नाही तर अरण्यप्रदेशातील अनेक विद्यार्थी विषयाच्या उंबरठ्यावरूनच परततील, आणि त्यांच्या परतण्याचे कारण बुद्धिमांद्य म्हणून नोंदविले जाईल. हा अन्याय टाळणे भाषेच्या अध्यापकांच्या हाती आहे.