आधी जमीन बदलते, मग खांदा

गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमचाही नसतो आणि तो ज्या भोकात घालायचा त्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. हिरवळीवर पोहोचलेला चेंडू हलकेच ढकलून त्या भोकात घालणे म्हणजे पटिंग. त्याला ताकद लागत नाही, लागतो तो खांद्यांचा वीत-दोन वीत झोका. या एवढ्याशा हालचालीवर गेल्या शंभर वर्षांत पुस्तके निघाली, कॅमेरे लागले, नियमांवरून वाद झाले. आजचा प्रशिक्षक सांगतो : कमरेत मोडू नका, खुब्यातून वाका. हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या. नजर चेंडूच्या डोक्यावर ठेवा. मनगटे गप्प ठेवा. दोन्ही खांदे आणि हात यांचा त्रिकोण न मोडता घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा खांदा मागे जाताना किंचित खाली येतो आणि पुढे येताना वर जातो. बाकी शरीर स्थिर.

हे ऐकून वाटते की हेच सनातन शास्त्र असावे आणि पूर्वीच्यांना ते कळले नसावे. इतिहास काही वेगळेच सांगतो.

बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याचे पाय जवळजवळ जोडलेले असत आणि मनगटे मोकळी चालत. पुढे अर्नॉल्ड पामर गुडघे आत वळवून, पाठीला पोक काढून उभा राहायचा. बिली कॅस्परचा फटका तर मनगटाचाच. आजच्या कसोटीला ही सगळी मंडळी नापास ठरतील. पण आपापल्या काळात पटिंगमध्ये त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. कारण त्यांच्या पायाखालचे गवत लांब आणि संथ होते. अशा गवतावर चेंडूला टिचकी मारावी लागते, आणि टिचकी मनगटच मारते.

मग गवत बदलले. गवत कापण्याचे यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली काढले. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे फिरते पाते पाहून त्याला ते सुचले होते. भिवंडीसारख्या मागाच्या गावाने हे लक्षात ठेवावे : गोल्फच्या गुळगुळीत हिरवळीचा उगम कापडाच्या कारखान्यात आहे. पुढच्या दीडशे वर्षांत पाती खाली उतरत गेली. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ साली हिरवळीचा वेग मोजायची एक साधी उतरती पट्टी बनवली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकात ती सुधारून वापरात आणली, तेव्हा पट्टीवरून सोडलेला चेंडू सर्वसाधारण हिरवळीवर सहा-सात फूट जात असे. आज मोठ्या स्पर्धांत तो अकरा-बारा फूट जातो. तेवढ्याच धक्क्यात जवळपास दुप्पट अंतर! अशा जमिनीवर मनगटाची जराशी थरथरही चेंडूला भोकापलीकडे नेते. म्हणून काम लहान स्नायूंकडून मोठ्या स्नायूंकडे, मनगटाकडून खांद्याकडे गेले. हे कुणा गुरूच्या उपदेशाने झाले नाही, जमिनीने करवून घेतले.

आपल्याकडेही हेच दिसते. कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाले. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. देशातल्या अनेक जुन्या मैदानांवर गवताच्या हिरवळीऐवजी वाळू आणि तेल यांचा रोलरने दाबलेला तपकिरी पृष्ठभाग असे. हिरवळीचा उतार वाचणे, वेग जोखणे हे तिथे वेगळेच काम होते. गोल्फपटू अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्यातला. उदयन माने पुण्यातूनच टोकियो ऑलिम्पिकला गेला. या पिढीचे पटिंग आधीच्या पिढीहून निराळे असेल, तर त्याचे श्रेय शिक्षकाइतकेच गवताला द्यावे लागेल.

जमिनीच्या जोडीला नियमही आला. चेंडूच्या रेषेवर दोन्ही बाजूंना पाय ठेवून, क्रोकेसारखा फटका मारण्याची सॅम स्नीडची पद्धत १९६८पासून बंद झाली. लांब दांड्याचे टोक छातीला किंवा पोटाला टेकवून मारण्याची पद्धत १ जानेवारी २०१६पासून बंद झाली. त्यामुळे कितीतरी नामवंत खेळाडूंना आपली ठेवण नव्याने बसवावी लागली. शरीर कसे उभे राहील हे जमीन, साधन आणि नियम ही तिन्ही मिळून ठरवतात. उपदेशाचा क्रम त्यानंतरचा.

हा धडा गोल्फच्या मैदानापेक्षा भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामांना अधिक उपयोगाचा आहे.

ठाणे–भिवंडी रस्त्यावर कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गोदामांची रांग लागते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवणे परवडत होते, म्हणून ही रांग वाढली. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली, कारण आता घरपोच मालाचा बाजार आला होता. शेजारी यंत्रमाग आहेत. तिथला कामगार तुटलेला धागा सांधायला मागावर दिवसभर वाकलेला असतो. कापडाच्या गाठी, सुताने भरलेले बीम, सिमेंटची पोती, खोकी हे सगळे इथे कुणाच्या तरी खांद्यावरून ट्रकमध्ये चढते आणि थप्पीला लागते. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे. गोल्फच्या चेंडूच्या हजारपटीहून ते जड असते.

या खांद्यासाठी आपण काय केले? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने तो रुजवला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी या बाबतीत तो कायदा देशात पुढचा होता. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून आवाज उठवला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्याचे कलम ३४ २०२५पर्यंत इजा होईल असे वजन उचलायला लावण्यास मनाई करत होते. पण तो कायदा कारखान्यांचा, नुसत्या साठवणुकीचे गोदाम सहसा त्याच्या कक्षेत येत नसे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात तर सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी मर्यादा २३ किलोची आहे. माल शरीरापासून दूर असेल, जमिनीवरून किंवा खांद्याच्या वर उचलावा लागत असेल, अंग पिळावे लागत असेल, वारंवार उचलावा लागत असेल, तर ती आणखी खाली येते.

त्या सूत्रात काय मोजले जाते ते पाहावे. ओझे शरीरापासून किती दूर, किती उंचावर, किती वेळा, पकड कशी. पाठ ताठ होती का, हे त्यात कुठेच विचारलेले नाही. आपल्या गोदामांत मात्र नेमके उलटे चालते. ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ अशी चित्रे भिंतीवर लागतात आणि सुरक्षा झाली असे मानले जाते. नगावर मजुरी घेणारा माणूस दिवसाच्या शेवटच्या ट्रकपाशी गुडघ्यात वाकणार नाही. त्याच्या ठेवणीचा दोष काढणे म्हणजे लांब गवतावर खेळणाऱ्या पामरला लंबकाचा झोका शिकवणे.

गोल्फने जे केले ते इथे करायचे तर क्रम स्पष्ट आहे. पहिली जमीन : फलाटाची उंची ट्रकच्या फाळक्याशी जुळावी, गोदामातली फरशी सपाट असावी, थप्पी खांद्याच्या वर जाऊ नये. दुसरे साधन : हातगाडी, हायड्रॉलिक ट्रॉली, उतरता सरकपट्टा. यांतले काहीही नवलाचे नाही. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत ते आहे, बाजूच्या जुन्या गाळ्यांत नाही. तिसरा नियम : नगाचे वजन, दोघांनी उचलायची हद्द आणि विश्रांती यांची लेखी मर्यादा गोदामांनाही लागू व्हावी आणि माथाडी मंडळांनी ती तपासावी. शिक्षण यानंतर द्यावे. तेव्हा ते अंगी लागेल.

खेळाडूच्या ठेवणीचा एवढा विचार झाला, कारण तिथे एका फटक्याची किंमत लगेच गुणफलकावर दिसते. हमालाच्या खांद्याची किंमत वीस वर्षांनी, त्याच्याच घरात दिसते, म्हणून ती कुणाच्या हिशेबात येत नाही. राहनाळच्या गोदाममालकांनी आणि शासनाने भिंतीवर पुढचे चित्र लावण्याआधी थप्पीची उंची आणि नगाचे वजन मोजावे. हे दोन आकडे बदलत नाहीत तोवर कामगाराला पाठ सरळ ठेवायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.