उद्योगिनींचे कौतुक आणि सातबाऱ्याचा प्रश्न

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे यंत्रमागाचे आणि गलाई व्यावसायिकांचे गाव. सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी या परिसरातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या देशभरातील शहरांत जाऊन स्थिरावले. त्यांच्या यशाच्या कहाण्या बऱ्याच सांगितल्या जातात. मागे राहिलेली कोरडवाहू शेती, जनावरे आणि वृद्ध सासू-सासरे ज्यांनी सांभाळले, त्या स्त्रियांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. अलीकडे गोधडी, घोंगडी, शेवया, मसाले यांच्या जोडीने शेती करणाऱ्या ‘उद्योगिनीं’चे कौतुक वृत्तपत्रांतून होऊ लागले आहे. ते योग्यच आहे. परंतु या कौतुकात एक प्रश्न हमखास वगळला जातो: या बाईच्या हाती भांडवल कोणाचे आणि जमीन कोणाच्या नावावर?

भांडवलाच्या प्रश्नाला या दुष्काळी पट्ट्याने स्वतःच एक उत्तर शोधले. विट्याच्या ईशान्येस, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून पुढे आलेल्या आणि लग्नानंतर मुंबई सोडून म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला-सिन्हा यांचा त्यामागे पुढाकार होता. रस्त्याकडेला राहून वेल्डिंगची कामे करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लास्टिकचे आच्छादन घेण्यासाठी रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. रक्कम इतकी लहान की तिचे खाते उघडण्यास बँका तयार नव्हत्या. कर्ज मागण्यासाठी नव्हे, स्वतःचेच पैसे ठेवण्यासाठी गेलेल्या बाईला हा नकार मिळाला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला. कारण, प्रवर्तक महिलांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. तेव्हा या बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राविना काढून दाखवावे, असे त्यांचे आव्हान होते. परवाना मिळाला. ही हकिकत आता जगभर सांगितली जाते आणि तिच्यावर टाळ्याही पडतात. तिचे खरे महत्त्व मात्र निराळेच आहे. निरक्षर बाईला हिशेब येत नाही, हे गृहीतकच चुकीचे होते. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई सकाळी उसने घेऊन संध्याकाळी फेडते. तिच्याइतका व्याजाचा नेमका अनुभव फार थोड्यांना असेल.

बँकेपाठोपाठ ग्रामीण महिलांसाठी उद्योगाची शाळा आली, 2008 मध्ये सामुदायिक रेडिओ सुरू झाला. 2012 च्या दुष्काळात याच संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी चालविली. ती सुमारे दीड वर्ष चालली आणि हजारो जनावरे तिथे जगली. छावणी आणि बँक यांचा संबंध काय, असे शहरी वाचकास वाटू शकेल. दुष्काळात चाऱ्याअभावी गाय-म्हैस मातीमोल किमतीला विकावी लागते आणि पाऊस आल्यावर तेच जनावर घ्यायला कर्ज काढावे लागते. जनावर वाचले, तर ते कर्जही वाचते.

हस्तकलेचे गणित याहून अवघड आहे. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली गोधडी शहरातील प्रदर्शनात हातोहात खपते. पण तिला लागलेले दिवस मोजून शेतमजुरीच्या दराने मजुरी काढली, तर सांगितलेली किंमत अनेकदा अपुरी ठरते. तरीही तिथे घासाघीस होतेच. घोंगडीचेही तेच. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. सूत काढण्याचे वेळखाऊ काम परंपरेने बायकांचे आणि माग सणगरांचा. सूतकताईची मजुरी किमतीत क्वचितच स्वतंत्रपणे धरली जाते. महिला बचतगटांना कर्ज मिळते, प्रशिक्षणही मिळते. कायमची बाजारपेठ मात्र वर्षातून एखाद्या प्रदर्शनापलीकडे फारशी जात नाही. लाडकी बहीण योजनेतून 2024 पासून मिळू लागलेल्या दरमहा दीड हजार रुपयांनी घरखर्चाला हातभार लागला, हे खरे. मात्र तेवढ्यावर धंदा उभा राहत नाही.

मूळ अडचण जमिनीची. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटीच्या शेतजमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. राबणाऱ्या हातांत त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही शिवारात भांगलणीच्या दिवसांत दिसते. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती 1994 मध्येच, म्हणजे केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी अकरा वर्षे केली. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम राबवून घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. तरीही भावाकडे हक्कसोडपत्र लिहून देणे हीच आजही रीत मानली जाते.

खानापूर तालुक्याला तर या प्रश्नाची जुनी ओळख आहे. येरळेच्या वाळूविक्रीतून बळीराजा धरण बांधणाऱ्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधू नये, भूमिहीनांनाही तो मिळावा, अशी ती मांडणी होती. त्याच सुमारास इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या भागात परित्यक्तांचे संघटन उभारले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतंत्र शिधापत्रिका आणि कसायला जमीन मिळावी, ही मागणी त्यातून पुढे आली.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या माळांवर आले आहे. डाळिंब-द्राक्षांच्या बागा वाढत आहेत, ऊसही येतो आहे. कोरडवाहू जमिनीला किंमत नव्हती, तेव्हा ती बायकोच्या हवाली करून गलाईसाठी परमुलखात जाणे सोपे होते. पाणी आल्यावर तीच जमीन मोलाची झाली. पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमीनधारकाला मिळते, पाणीपट्टीची पावती त्याच्याच नावे फाटते आणि पीककर्जासाठी सातबारा त्याचाच लागतो. इतकी वर्षे तो माळ राखणारी बाई या तिन्ही कागदांवर आढळत नाही.